ओझे जाते कोठे?

एका टेबलाभोवती चार मित्र बसले आहेत. पुढ्यात अनेक पैलूंचे फासे, पेन्सिली, चौकटींचा कागद आणि प्रत्येकाच्या हाताशी आपापल्या पात्राचे वर्णन लिहिलेले एक पान. पाचवा जो आहे तो सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही गुहेच्या तळाशी आला आहात. समोरच्या पेटीत सोन्याची २५,००० नाणी आहेत. तुमच्यातील एक जण जखमी आहे, त्याला चालता येत नाही. आणि मागच्या भुयारात पाणी चढू लागले आहे." पन्नास नाण्यांचे वजन एक पौंड, असा या खेळाचा नियम. म्हणजे पेटीतील ऐवज ५०० पौंडांचा, सुमारे २२७ किलोंचा. टेबलाभोवती क्षणभर शांतता पसरते. मग चौघांच्याही पेन्सिली हिशेबाला लागतात.

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत जन्मलेला हा खेळ आता आपल्याकडील मोठ्या शहरांतील तरुण मंडळीही खेळतात. यात पट नसला तरी चालते, सोंगट्या नसल्या तरी चालते. सूत्रधार प्रसंग उभा करतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात आणि जेथे यशाची खात्री नसते तेथे फासा निर्णय देतो. घरातील मुलगा किंवा मुलगी रविवारची दुपार अशा टेबलाशी घालवू लागली की वडीलधाऱ्यांना वाटते, हा नुसता राक्षस-परींचा कल्पनाविलास असावा. प्रत्यक्षात त्या टेबलावर पुष्कळ वेळ चाललेला असतो तो वजनाचा, जागेचा आणि वेळेचा हिशेब. पेढीवर वाढलेल्या माणसाला तो चटकन समजावा असा आहे.

या हिशेबात सर्वांत रंजक भाग असतो तो ओझे हलके करणाऱ्या जादूच्या वस्तूंचा. अशी वस्तू कल्पनेने निर्माण करणे फार सोपे वाटते. एक पिशवी, तिच्यात काहीही घाला, वजन लागणार नाही, झाले! परंतु अशी पिशवी ज्या सूत्रधाराने उदारपणे वाटली, त्याला काही आठवड्यांतच कळून चुकते की आपला खेळ फिका पडला आहे. असे का होते, हे समजण्यासाठी या खेळाच्या जन्मकथेकडे वळावे लागते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथे राहणारा गॅरी गायगॅक्स हा विमा व्यवसायात नोकरी करीत असे. कोणती जोखीम किती आणि तिच्यासाठी किती हप्ता आकारावा, हे ठरविणे हे त्याचे काम. १९७० साली ती नोकरी गेली. पुढे त्याने घरी बूट दुरुस्त करून संसार चालविला आणि उरलेल्या वेळात युद्धखेळांचे नियम लिहिले. १९७२ मध्ये मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन याने आपला एक नव्या धर्तीचा खेळ त्याला दाखविला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे फौज नव्हती, एकच पात्र होते. गायगॅक्सला ती कल्पना इतकी भावली की त्याने स्वतःचे एक भुयार रचले आणि त्यात पहिल्यांदा उतरविले ते आपल्याच मुलांना, अर्नी आणि एलिस या दोघांना. दोघांच्या या कल्पनेतून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १,००० प्रती छापल्या होत्या.

त्या पहिल्या नियमांत दोन गोष्टी अशा होत्या, की त्यांच्यामुळे ओझे हाच खेळाचा कणा झाला. पहिली गोष्ट म्हणजे कमाईचा नियम. पात्राची बढती अनुभवगुणांवर होत असे आणि हे गुण राक्षसाला मारण्यापेक्षा धन मिळविण्याने फार अधिक मिळत. साधारणतः सोन्याच्या एका नाण्यामागे एक गुण. पुढच्या नियमांनी तर स्पष्टच केले की धन भुयारातून बाहेर आणले तरच ते जमेस धरले जाईल. याचा परिणाम असा झाला, की शहाणा खेळाडू लढाई टाळू लागला. राक्षस झोपलेला असताना पाऊल न वाजविता पेटी उचलून बाहेर पडणे, हा सर्वांत फायद्याचा व्यवहार ठरला.

दुसरी गोष्ट म्हणजे वजनाचे माप. त्या नियमांत प्रत्येक वस्तूचे वजन सोन्याच्या नाण्यांत सांगितलेले होते. तलवार म्हणजे ५० नाणी. पोलादी पत्र्याचे चिलखत म्हणजे ७५० नाणी. आणि माणसाने वाहून नेण्याची कमाल मर्यादा ३,००० नाण्यांची; तेवढे उचलणारा अगदी रखडत चाले. जे माप कमाईचे तेच माप ओझ्याचे! अंगावर चिलखत चढविले म्हणजे तेवढ्या वजनाची ७५० नाणी मागे ठेवावी लागणार, हे खेळाडूला दुसऱ्या कोणत्याही कोष्टकाशिवाय समजत असे. संरक्षणाची किंमत त्याच नाण्यांत मोजली जात होती. जोखमीचा हिशेब करून पोट भरलेल्या माणसाचा हात या रचनेत दिसतो.

अशा खेळात 'बॅग ऑफ होल्डिंग' अवतरली. बाहेरून ती साध्या पोत्याएवढी पिशवी. १९७४ च्या पुस्तकात तिचे वर्णन दोन-तीन ओळींत आटोपलेले आहे : तिच्यात १०,००० नाणी मावतात आणि त्यांचे वजन केवळ ३०० नाण्यांइतके लागते. ज्या जगात माणूस जेमतेम ३,००० नाणी ओढू शकतो, तेथे ही वस्तू म्हणजे घरी चालून आलेले भाग्यच. पण लक्षात घेण्याजोगी बाब ही, की तिचे वजन शून्य नव्हते. सहा तलवारींइतके वजन ती पिशवी घेणाऱ्याला वाहावेच लागे. पहिल्या दिवसापासून या वस्तूला मोल होते आणि मर्यादाही होती.

पुढच्या आवृत्त्यांनी या मर्यादा अधिक काटेकोर केल्या. पिशवीचे चार आकार झाले. लहानात २५० पौंड, मोठ्यात १,५०० पौंड. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा एकच आकार राहिला. तिचे तोंड दोन फूट रुंद, खोली चार फूट. आत ५०० पौंड आणि ६४ घनफूट एवढाच माल राहतो. आत काहीही असो, पिशवीचे वजन १५ पौंड. त्यातील एखादी वस्तू बाहेर काढायची तर लढाईतील आपली एक कृती खर्च करावी लागते. पिशवीत मर्यादेपेक्षा जास्त भरले, तिला भोक पडले किंवा ती फाटली, तर ती कायमची नष्ट होते आणि आतील सर्व माल दुसऱ्या एका अपार्थिव लोकात विखुरला जातो. जिवंत प्राणी आत ठेवता येतो, पण हवा दहाच मिनिटांची. दोघे असतील तर प्रत्येकी पाच.

वजन आणि घनफूट या दोन मर्यादा एकत्र का घातल्या असाव्यात, हे मालवाहतूक करणाऱ्याला सांगावे लागत नाही. ट्रकमध्ये लोखंडी सळया भरल्या तर जागा रिकामी राहते आणि वजन संपते. उशा भरल्या तर वजन उरते आणि जागा संपते. म्हणून भाडे कधी वजनावर आकारले जाते, तर कधी आकारमानावर. पिशवीचेही तसेच. ५०० पौंड सोने अर्ध्या घनफुटापेक्षाही कमी जागेत बसते. त्यामुळे खजिना नेणाऱ्याला वजनाची अट आडवी येते आणि गालिचे, खुर्च्या, लाकडी पेट्या नेणाऱ्याला जागेची. एकच मर्यादा ठेवली असती तर दुसऱ्या बाजूने पळवाट निघाली असती.

आणखी एक पळवाट रचनाकारांनी आधीच बंद केली. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, असे करीत गेले तर १५ पौंडांत सारे राज्य मावेल! म्हणून नियम असा, की अशी पिशवी तिच्यासारख्याच दुसऱ्या मायावी पोकळीत ठेवली की दोन्ही नष्ट होतात, अपार्थिव लोकाचे दार उघडते आणि दहा फुटांच्या आतील सारे जण त्यात ओढले जातात. नवख्या खेळाडूला हा नियम विनाकारण क्रूर वाटतो. वस्तुतः तो साऱ्या रचनेचा आडणा आहे. तो काढला तर मर्यादेला अर्थच उरत नाही.

पिशवीखेरीज ओझे हलके करण्याच्या इतरही रीती या खेळात आहेत आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. एक तरंगती तबकडी आहे. मंत्राने निर्माण होणारी ही वाटोळी तबकडी जमिनीपासून तीन फुटांवर राहते, ५०० पौंड वाहते, मालकाच्या मागोमाग चालते आणि एका तासाने विरून जाते. दहा फुटांचा चढ किंवा उतार आडवा आला की ती थांबते. तिच्यावरील माल सर्वांना दिसतो, चोरालाही दिसतो. या तबकडीला ज्या टेन्सर नावाच्या जादूगाराचे नाव दिले आहे, ते पात्र गायगॅक्सचा मुलगा अर्नी खेळत असे. अर्नेस्ट या नावाची अक्षरे फिरवून टेन्सर हे नाव झालेले आहे. दुसरी वस्तू म्हणजे तीन कप्प्यांची पाठपिशवी. २०१४ च्या नियमांत तिच्यात मावत असे थोडे, सारे मिळून १२० पौंड. पण हवी ती वस्तू नेहमी वरच सापडते. आणि तिसरी वस्तू म्हणजे असुरबळ देणारे हातमोजे. ते घातले की ताकद १९ होते आणि मनुष्य २८५ पौंड उचलू शकतो. येथे ओझे तेवढेच राहते, उचलणारा बदलतो.

या साऱ्या वस्तू शेजारी शेजारी मांडून पाहिल्या की एक सूत्र हाती येते. यांपैकी एकीतही ओझे नाहीसे झालेले नाही. त्याने केवळ जागा बदलली आहे. पिशवीने वजनाचे रूपांतर जोखमीत केले. एक भोक पडले की सर्वस्व गेले. तबकडीने त्याचे रूपांतर वेळेत केले. तास संपला की माल जमिनीवर. पाठपिशवीने क्षमता घेतली आणि तत्परता दिली. आपल्याकडील हुंडीनेही हेच केले होते. रोख रकमेच्या थैल्या रस्त्याने नेण्याचे ओझे तिने कमी केले, पण ते ओझे पतीवर टाकले. नाव गेले की कागद गेला. जादूची वस्तू रचणाऱ्याने स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : वजन मी काढून घेतले खरे, पण ते गेले कोठे?

हा प्रश्न न विचारल्यास काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. पाचव्या आवृत्तीचा साधा नियम सांगतो, की पात्राच्या ताकदीच्या अंकाला १५ ने गुणले म्हणजे त्याची वहनक्षमता पौंडांत मिळते. ताकद ८ असेल तर १२० पौंड, १८ असेल तर २७०. ज्या खेळाडूने आपले पात्र घडविताना बुद्धी किंवा वाक्चातुर्य कमी करून ताकद निवडली, त्याला त्या त्यागाच्या बदल्यात १५० पौंडांचा हा फरक मिळालेला असतो. दार ढकलणे, दगड हटविणे, सोबत्याला खांद्यावर घेणे, पेटी उचलणे हे त्याचे टेबलावरील स्थान. आता सूत्रधाराने पहिल्याच मोहिमेत सर्वांना अमर्याद पिशव्या वाटल्या असे समजा. त्या दिवशी सर्वांनी आनंदाने टाळ्या वाजविल्या तरी एका खेळाडूचे मोल गुपचूप कमी झालेले असते. तो तक्रार करीत नाही, कारण भेट त्यालाही मिळालेली असते. पण चार-सहा बैठकींनंतर त्याची पाळी आली की तो काय करावे या विचारात पडतो आणि पुढे कधीतरी येईनासा होतो. सूत्रधाराला वाटते त्याला अभ्यास वाढला असेल. खरे कारण त्या पिशवीत असते.

दुसरा परिणाम अधिक व्यापक असतो. जे सर्व काही नेता येते त्यातून निवड करण्याचे कारण उरत नाही. दोर किती हात घ्यावा, मशाली किती, शिधा किती दिवसांचा, हे प्रश्न संपतात. निवड संपली की तयारीचा आनंद संपतो आणि चुकीतून सुचणारी युक्तीही संपते. दोर विसरलेल्या मंडळींनी पागोट्यांना गाठी मारून दरी उतरावी, असा प्रसंग मग घडत नाही. कारण पिशवीत दोर असतोच.

येथे एक आक्षेप योग्य आहे. वजनाची प्रत्येक नोंद ठेवणे कंटाळवाणे असते. खेळायला आलेल्या मुलांनी पौंड-अर्ध्या पौंडाची बेरीज-वजाबाकी करीत बसावे काय? अनेक गटांनी म्हणूनच हे नियम सरळ बाजूला ठेवले आहेत. रचनाकारांनीही त्यावर मार्ग काढले. २०१९ साली आलेल्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत पौंड रद्द करून अवजडपणाचे ढोबळ एकक आणले. लहानसहान दहा वस्तू मिळून एक एकक आणि हजार नाणी मिळूनही एक एकक. काही लहान खेळांत तर पात्राला ठराविक घरे दिलेली असतात. एका घरात एक वस्तू, घरे भरली की थांबायचे. हिशेब सोपा केला, पण मर्यादा सोडली नाही. रोजकीर्द सुटसुटीत ठेवणे वेगळे आणि रोजकीर्द न ठेवणे वेगळे, हा भेद येथेही लागू पडतो.

तर मग चांगली वस्तू रचावी कशी? काही नमुने पाहिले की रीत ध्यानात येईल. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत एक ऐच्छिक नियम होता : ताकदीच्या पाचपट पौंडांपेक्षा जास्त ओझे झाले की ३० फुटांची चाल २० फुटांवर येते आणि दहापटीपेक्षा जास्त झाले की १० फुटांवर. ओझे जाणवणारा खेळ हवा असेल तर हा नियम घ्यावा. पुढील नमुने त्याच्याच आधाराने केले आहेत.

पहिला नमुना जोडीची कावड. दोघांनी दोन टोके खांद्यावर घ्यायची. मध्ये टांगलेला ३०० पौंडांपर्यंतचा माल दोघांना मिळून ६० पौंडांचा, म्हणजे प्रत्येकी ३० पौंडांचा वाटतो. प्रत्येकाचा एक हात मात्र गुंतून राहतो. आणि एकाने टोक सोडले की त्याच क्षणी सारे ३०० पौंड दुसऱ्याच्या खांद्यावर येतात. ताकद १० असलेल्या पात्राची ढकलण्या-ओढण्याची कमाल सीमा नेमकी ३०० पौंड आहे. तेवढ्या ओझ्याखाली तो एका पाळीत जेमतेम पाच फूट सरकू शकतो. म्हणजे तो जागीच खिळला. या वस्तूत वजन गेले ते सोबत्यावरील विश्वासात. अंधारातून बाण आला असता दोघांपैकी कोणी टोक सोडावे की सोडू नये, या एका क्षणासाठी ही कावड रचायची. येथे बलवान पात्राचे मोलही टिकते, कारण दुसरे टोक धरायला प्रत्येकाला तोच हवा असतो.

दुसरा नमुना व्याजाचा पट्टा. तो कमरेला बांधला की दिवसभर १०० पौंड ओझे जाणवत नाही. सूर्यास्ताला मात्र निम्मे, म्हणजे ५० पौंड, परत येते. माल खाली उतरवून ठेवला असला तरी येते. रात्रभर पुरी विश्रांती घेतली तर पहाटे ते फिटते. जो रात्रीही चालत राहील त्याचे ५० पौंड अंगावर राहतात आणि पट्टा पुन्हा वापरला तर दुसऱ्या सूर्यास्ताला १०० होतात. ताकद ८ असलेल्या पात्राला ८० पौंडांपुढे रखडतच चालावे लागते, म्हणजे दुसऱ्या रात्री त्याची पळण्याची शक्ती संपली. घाई असलेल्या मंडळींना हा पट्टा फार मोह घालतो. उधारीवर माल उचलणे कोठवर शहाणपणाचे आणि कोठून पुढे घातक, हे तो दोन रात्रींत शिकवितो. शिवाय सूत्रधाराला एक शब्दही उपदेशाचा बोलावा लागत नाही.

तिसरा नमुना खतावणीची पेटी. पेटीसोबत एक वही असते. वहीत ज्या वस्तूचे नाव स्वच्छ लिहिले तीच आत ठेवता येते आणि तिचेच वजन जाते. नोंदी वीस. वस्तू बाहेर काढायची तर लिहिले आहे तेच नाव उच्चारावे लागते. 'दोर' असे लिहून 'रस्सी' म्हटले तर झाकण उघडत नाही. वही चोरीला गेली की पेटी मुकी झाली. या वस्तूचे वैशिष्ट्य असे, की जी नोंद ठेवण्याचा खेळाडूंना कंटाळा येतो तीच नोंद येथे खेळाचा भाग होते. वही कोणी सांभाळायची, यावरूनच गटात रंगतदार चर्चा होते. ताकद नसलेल्या पण व्यवस्थित असलेल्या खेळाडूला त्यामुळे नवे स्थान मिळते.

ज्याने यापूर्वी एकही वस्तू रचलेली नाही, त्याने मात्र इतकी मोठी झेप घेऊ नये. त्याच्यासाठी एकदाच वापरता येणारी वस्तू उत्तम. उदाहरणार्थ, चिमूटभर चूर्ण. ते शिंपडले की २०० पौंडांपर्यंतची एक वस्तू दहा मिनिटे २० पौंडांची होते. अशा वस्तूत रचनाकाराची चूक झाली तरी ती दहा मिनिटांतच संपते. खेळाला कायमचे छिद्र पडत नाही. शिवाय तीन चिमटी दिल्या तर खेळाडू त्या जपून वापरतात आणि कधी कधी असा उपयोग करतात की सूत्रधारानेही तो कल्पिलेला नसतो. जड झुंबर हलके करून वर न्यायचे आणि नेमक्या दहाव्या मिनिटाला वाटेवर सोडायचे, ही युक्ती कोणत्याही पुस्तकात लिहावी लागत नाही.

वस्तू कोणतीही असो, ती टेबलावर ठेवण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहिलेल्या असाव्यात. ती किती वजन आणि किती जागा सांभाळते. तिचा उपयोग करताना काय खर्ची पडते, वेळ, हात की विश्रांती. ती केव्हा दगा देते आणि दगा देण्यापूर्वी खेळाडूला कोणती चाहूल लागते. आणि तिच्यामुळे टेबलावरील कोणाचे काम हिरावले जाते. यांतील चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. तिसरीबद्दलही एक पथ्य आहे. पिशवी फाटू शकते हे खेळाडूला आधी माहीत असले पाहिजे. या खेळात दिसायला हुबेहूब तशीच, पण आत घातलेले गिळून टाकणारी एक शापित पिशवीही आहे. तिचा उपयोग अनुभवी सूत्रधार फार क्वचित करतात, कारण अटी सांगून घेतलेली जोखीम आणि लपवून लादलेली जोखीम यांत मोठा फरक आहे. पहिलीत हरलेला मनुष्य हसतो. दुसरीत हरलेला पुन्हा कोणत्याही पिशवीवर विश्वास ठेवीत नाही.

अनवधानाने एखादी अमर्याद वस्तू देऊन झालीच, तर ती परत कशी घ्यावी? चोर पाठवून ती पळविणे किंवा अकस्मात आग लावून जाळणे, हे दोन उपाय सर्वांना प्रथम सुचतात. दोन्हींनी खेळाडूच्या मनात आपल्याला फसविल्याची भावना राहते. सरळ मार्ग असा, की पुढच्या बैठकीच्या आरंभी सूत्रधाराने सांगावे, "ही वस्तू रचताना माझी चूक झाली. ती राहिली तर बलदंड पात्राला काम उरत नाही. तिच्या जागी मर्यादा असलेली दुसरी देतो. मर्यादा काय असाव्यात ते सर्वांनी मिळून ठरवू." बहुतेक मंडळी हे सहज मान्य करतात. एवढेच नव्हे, तर स्वतः घातलेल्या अटी ती अधिक कसोशीने पाळतात.

आता पुन्हा त्या गुहेत जावे. पाणी चढते आहे, पेटीत २५,००० नाणी आहेत आणि या वेळी तिघांपैकी एकाच्या काखेत पाचव्या आवृत्तीतील ५०० पौंडांची पिशवी आहे. सारे सोने तिच्यात बरोबर मावते, एका पौंडाचीही जागा उरत नाही. मग जखमी मित्राला कोण उचलणार? तो साहित्यासह १५० पौंडांचा आहे. त्याला खांद्यावर घेतले तर उचलणाऱ्याची चाल १० फुटांवर येते आणि पाणी त्याहून वेगाने चढत आहे. त्याला पिशवीत ठेवायचे तर आधी ७,५०० नाणी बाहेर काढली पाहिजेत. एकही नाणे चुकून जास्त राहिले तर पिशवी फाटेल आणि सोन्यासह तोही जाईल. ती काढलेली नाणी तिघांत वाटून घ्यावीत म्हटले, तर प्रत्येकी ५० पौंड होतात. अंगावर आधीचे साहित्य आहेच, म्हणजे तिघांचीही चाल मंदावते. आणि पिशवीतल्या मित्रापाशी हवा दहाच मिनिटांची.

पिशवी हाती नव्हती तेव्हा प्रश्न एकच होता, किती सोने सोडायचे. पिशवी आल्यावर तो प्रश्न मिटला नाही, उलट अधिक अवघड झाला. टेबलाभोवतीचे तिघे एकमेकांकडे पाहतात. जखमी पात्राचा खेळाडू काही न बोलता आपल्या पानाकडे पाहत राहतो, कारण आता निर्णय त्याच्या हातात नाही. अखेर तिघांतील एक जण पेन्सिल उचलतो, हिशेब पुन्हा एकदा तपासतो आणि ७,५०० नाण्यांच्या आकड्यावर काट मारतो. ती नाणी कोणीच उचलणार नाही, पाण्यातच राहतील. मित्राला पिशवीत ठेवले जाते, तिचे तोंड आवळले जाते आणि तिघेही १५ पौंडांचे ते गाठोडे घेऊन धावत सुटतात. सूत्रधार घड्याळाकडे पाहून मिनिटे मोजू लागतो.

त्या दुपारी घरी परतलेल्या मुलाला आईने विचारले, की आज खेळात काय मिळविले, तर तो बहुधा सोन्याचा आकडा सांगणार नाही. सात हजार पाचशे नाणी कशी आणि कोणासाठी सोडली, हेच तो जेवताना सविस्तर सांगत बसेल.